पॉलिसी पोराची, कमिशन मेव्हण्याचं

साताऱ्यात पोर जन्मलं की घरात दोन गोष्टी येतात, कंदी पेढे आणि विमा एजंट. पेढे आपल्याला जाऊन आणावे लागतात. एजंट आपल्या पायांनी येतो, कारण तो बायकोचा भाऊ असतो. सांगलीकडे तो साडू असतो, दोन जिल्ह्यांत फरक म्हणाल तर एवढाच.

बारशाला तो काही बोलत नाही. घुगऱ्या खातो, पाळण्याला चार झोके देतो, आहेराचं पाकीट बहिणीच्या हातात ठेवतो. ते पाकीट त्याच्या धंद्यातली गुंतवणूक आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. मग तो तीन महिने दम धरतो. तीनच का, तर एलआयसीच्या ‘जीवन तरुण’मध्ये पोराला ९० दिवस झाल्याशिवाय घेत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘अमृतबाल’ आली, तिनं ही अट ३० दिवसांवर आणली. तेव्हापासून मेव्हण्यांचा दम सव्वा महिन्यावर आलाय.

“दाजी, जास्त नाही. पोराच्या नावानं एक काढून ठेवू.”

“अरे, अजून मान धरत नाही ते.”

“म्हणून तर आत्ता! वय कमी तेवढा हप्ता कमी.”

तेवढ्यात आतून चहा येतो, चहामागून बहीण येते, ती एकदा भावाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघते. व्यवहार झाला. फॉर्मवर पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवलेल्याच असतात, इथं सही, इथं सही आणि मागं एक. दाजी चष्मा शोधेपर्यंत तिन्ही पानं उलटून झालेली असतात. मध्येच एका रकान्याशी मेव्हण्याचं पेन थांबतं. पोराच्या अर्जात आई-बापाच्या विम्याचीही माहिती विचारतात.

“दाजी, तुमचा स्वतःचा किती आहे?”

“ट्रॅक्टरचा आहे.”

“तुमचा, तुमचा.”

“माझा कशाला? फायनान्सवाल्यानं ट्रॅक्टरचाच मागितला होता.”

मेव्हणा रकान्यात काहीतरी लिहितो आणि पान उलटतो. माझं भांडण आहे ते या उलटलेल्या पानाशी.

आयुष्याचा विमा काढायचा तो ज्याच्या जाण्यानं घरात येणारा पैसा थांबेल त्याचा. पोर गेलं तर आई-बाप उभ्या जन्मात सावरत नाहीत, हे कबूल. पण एक तारखेचा पगार, दहा दिवसांचं दुधाचं बिल आणि कारखान्याची उसाची पहिली उचल त्या घरात येतच राहते. बाप गेला तर दुःख तेवढंच, शिवाय एक तारीख कोरडी. दुःखाचा विमा कुठलीच कंपनी काढत नाही. एक तारखेचा काढते. आपण मात्र बेंदराला बैलाला उघडा ठेवून झूल वासराच्या पाठीवर टाकतो आणि शिंगं कुठायत म्हणून शोधत बसतो.

इंग्रजांनी हा घोळ दीडशे वर्षांपूर्वी घालून पाहिलाय. तिकडचे गिरणी कामगार आठवड्याला पेनी-पेनी भरून तान्ह्या लेकरांच्या क्रियाकर्माचे विमे काढत. पुढं ओरड झाली की, विम्याच्या पैशासाठी पोरांची आबाळ होते, प्रसंगी त्याहून वाईटही होतं. १८७५ च्या कायद्यानं हद्द घातली, पाच वर्षांखालच्या पोरावर सहा पौंड आणि दहा वर्षांखालच्यावर दहा, त्याच्या वर नाही. गरिबांबद्दल पोटभरल्यांना जे जे वाटत असतं त्यातलं खरं किती, हे मी सांगत बसत नाही. पण लहान जिवावर मोठी रक्कम लावू नये, हा शहाणपणा तेव्हापासून विमाधंद्याच्या हाडात बसला. अमेरिकेत मात्र बाळांचं खाणं विकणाऱ्या गर्बरनं १९६७ साली आयुर्विम्याची कंपनीच काढली. वाटी-चमच्याबरोबर फॉर्म.

तो शहाणपणा ‘जीवन तरुण’च्या कागदातही आहे, फक्त मेव्हणा तो मोठ्यानं वाचत नाही. पोर आठ वर्षांच्या आतलं असेल तर जोखीम लगेच सुरू होत नाही. पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षांनी किंवा आठ पूर्ण झाल्यानंतरच्या वर्धापनदिनी, जे आधी येईल तेव्हा सुरू होते. त्याआधी काही बरंवाईट झालं तर भरलेले हप्ते परत मिळतात, तेही बिनव्याजी. म्हणजे मान न धरणाऱ्या पोराचा जो विमा आपण घाईघाईनं काढला, तो पहिली दोन वर्षं विमा नसतोच.

खरं तर साताऱ्याला विमा कुणी शिकवावा अशी परिस्थिती नाही. एलआयसीचा जन्म १ सप्टेंबर १९५६ चा. त्याच्या ४३ वर्षं आधी, १९१३ साली, अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. स्वदेशीचा जोर होता, आपला पैसा गोऱ्यांच्या कंपन्यांत का भरायचा असा सवाल होता, आणि त्याचं उत्तर साताऱ्यातून दिलं गेलं. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी वटहुकमानं आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था महामंडळात विरघळल्या, त्यात आपलीही गेली. चिरमुल्यांचीच युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयनं गिळली, पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयच्या पोटात गेली. दोन्ही गावांना आपापल्या संस्थांची श्राद्धं घालायची चांगली सवय आहे. एलआयसीचं विभागीय कार्यालय तेवढं साताऱ्यात उरलंय, तेव्हा विम्याच्या बाबतीत अडाणीपणाचं सोंग आपल्याला शोभत नाही.

सोंग नसलेलं गाव बघायचं तर अपशिंग्याला जा. अपशिंगे मिलिटरी म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. फौजेत १९७६ पासून गटविमा सक्तीचा आहे आणि तो फौजीचा असतो, त्याच्या पोराचा नव्हे. तिथं कुणी चहा पिऊन तो विकत नाही. पगारातून पैसे कापले जातात, विषय संपला. धोका कुणाला आहे हे फौजेला कळतं, कारण तिथं निर्णय घेताना मेव्हणा समोर नसतो.

सांगलीच्या बाजूला या. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. कुणी दक्षिणेत, कुणी उत्तरेत, सराफ पेठेच्या बोळात दहा बाय दहाची खोली, भट्टी, मूस आणि ॲसिडचा धूर. त्या धुरात उभा असतो तो बाप. पॉलिसी असते गावाकडं आजीजवळ राहून तिसरीत शिकणाऱ्या पोराच्या नावावर. बापाच्या फुप्फुसाचा विचार पत्रिकेतला शनीही करत नाही, मग मेव्हणा कशाला करील?

आता मेव्हण्याचं हुकमी वाक्य. “दाजी, हजाराला ८०. म्हणजे आठ टक्के. आणि गॅरंटी.”

‘अमृतबाल’मध्ये वर्षाला हजारी ८० रुपयांची भर खरंच हमीची आहे. पण ती विमा रकमेवर, आणि साधी. चक्रवाढ नाही. पाच लाखांची पॉलिसी, २० वर्षं मुदत धरा. वर्षाला ४० हजारांची भर, २० वर्षांत आठ लाख, मूळ पाच मिळून १३ लाख. आकडा बघून बहीण भावाकडे कौतुकानं बघते. आता त्यासाठी भरलेले सगळे हप्ते मांडा, कोणत्या साली किती गेले ते लिहा आणि व्याज काढा. साडेपाच-सहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळतं. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या १३ लाखांची किंमत आजचे जेमतेम चार लाख. पोरगं तोवर सांगलीच्या वालचंद कॉलेजात जायचं म्हणत असेल, तेव्हा फीच्या खिडकीवरचा माणूस हजारी ८० वगैरे काही ऐकून घेणार नाही.

पोर मुलगी असेल आणि दहाच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी आहे. २०२४ च्या जानेवारीपासून व्याज ८.२ टक्के, चक्रवाढ. दर तिमाहीला सरकार बदलू शकतं, पण सध्या आहे. २५० रुपयांपासून सुरू होतं, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतं, १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी हातात. मुलगा असेल तर पीपीएफ, ७.१. यांत कमिशन नाही, म्हणून यांना भाऊ नाही. पोस्टाच्या खिडकीतून कुणी बारशाला येत नाही.

आणि कमिशनला मी पाप म्हणत नाही. उन्हातान्हात मोटारसायकल ताबडून कोरेगाव ते कडेगाव फिरणाऱ्या माणसानं जेवायचं काय? पण बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला पाव हिश्श्याच्या आसपासचा भाग एजंटाकडे जाऊ शकतो आणि बापाच्या निव्वळ टर्म विम्याचा हप्ताच मुळात लहान असतो, हे एकदा कळलं की त्या रकान्याशी थांबलेलं पेन पुढं का सरकलं तेही कळतं. काही मेव्हणे दिलदार असतात, “पहिला हप्ता मी भरतो” म्हणतात. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं त्याला बंदी आहे, दंडही आहे. लग्नात मेव्हणा नवरदेवाचा कान पिळतो, त्याला कलम लागत नाही.

बाजू घ्यायची तर एका गोष्टीत मी या पॉलिसीची बाजू घेईन. पैसा घरात ठेवला की राहत नाही. बोअर आटते, भाचीचं लग्न निघतं, कारखाना बिल लांबवतो. पोराच्या नावावरचा पैसा मात्र आपल्याकडं माणूस शक्यतो मोडत नाही. मोडला तर आजी बोलते. व्याज कमी, पण आजीचा पहारा फुकट. ज्याचा हात पैशाला थांबत नाही त्यानं ही पॉलिसी जरूर घ्यावी, फक्त तिला बचत म्हणावं आणि घेताना प्रीमियम वेव्हरचा रायडर विचारावा. तो असला तर बाप गेल्यावर पुढचे हप्ते माफ होतात आणि पोराला ठरलेले पैसे मिळतात. त्याला वेगळे पैसे पडतात, म्हणून तो बरेचदा फॉर्ममधून गळतो. आणि हा रायडर म्हणजे काय? बापाचाच विमा. अख्ख्या पॉलिसीत कामाची जी एक ओळ आहे ती पोराबद्दल नाहीच.

ही गोम सरकारी खात्यात पोस्टाला बरोबर कळलेली आहे. टपाल आयुर्विमा १८८४ चा, एलआयसीहून ७२ वर्षांनी थोरला. त्यात ‘बाल जीवन विमा’ आहे, पण तो पॉलिसीधारकाच्याच पोरांना मिळतो. आधी आई किंवा बापाची पॉलिसी हवी, पालक ४५ च्या वर नको, दोनच पोरं, आणि पोराची रक्कम पालकाच्या रकमेच्या वर जाऊ शकत नाही. पालक गेला तर पोराचे हप्ते बंद आणि विमा चालू. खाकी लखोट्यावर शिक्का मारणाऱ्या खात्याला जे सुचलं ते टाय लावणाऱ्यांना का सुचू नये?

“मग टर्म काढा” असं शहरातले सल्लागार म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या नोकरदाराला कोटीचा टर्म विमा वर्षाला दहा-बारा हजारांच्या घरात पडतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेला. पण ‘तंबाखू न खाणाऱ्या’ इथंच आपल्या तालुक्यातली अर्धी पंगत उठते. उरलेल्यांना कंपनी विचारते, रिटर्न दाखवा. मणेराजुरीच्या द्राक्षबागायतदारानं कुठला रिटर्न दाखवायचा? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न नाही, म्हणून उत्पन्नाचा पुरावा नाही, म्हणून विमा नाही. औषध-खतांच्या दुकानाची उधारी, बँकेचं बागकर्ज, सोसायटीचं पीककर्ज एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर, त्याच्याच डोक्याला किंमत लावायला कुणी तयार नाही. त्याच्या तीन महिन्यांच्या पोराला मात्र कोण रिटर्न मागतो?

अशांसाठी २०२१ च्या जानेवारीत विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना ‘सरल जीवन विमा’ विकायला लावला. पाच ते २५ लाखांचा साधा टर्म विमा, धंदा आणि शिक्षणाची अट न घालता. तो कुठल्या बारशात विकला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि बागायतदारानं विमा काढताना आणखी एक कागद मागावा. १८७४ च्या मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टचं सहावं कलम सांगतं की, नवऱ्यानं बायको-पोरांच्या हितासाठी म्हणून काढलेल्या पॉलिसीचा पैसा त्यांचा. तो नवऱ्याच्या देणेकऱ्यांच्या हाती लागत नाही. पॉलिसी घेतानाच एक जोडअर्ज भरायचा, सही दोन मिनिटांची. दीडशे वर्षं हा कायदा द्राक्षपट्ट्याच्या उंबऱ्यात उभा आहे आणि आत या म्हणणारं कुणी नाही.

“पण टर्मचे पैसे परत मिळत नाहीत, बुडाले की!” हे वाक्य म्हणणारा माणूस ट्रॅक्टरचा विमा दरवर्षी भरतो आणि वर्षअखेर ट्रॅक्टर धड राहिला म्हणून पैसे परत मागायला जात नाही. पीक विम्याचं नाव मात्र काढू नका. रुपयात आला, रुपयात गेला, तो वेगळ्या सदराचा आणि वेगळ्या रक्तदाबाचा विषय आहे.

पोरासाठीच काही काढायचं असेल तर मिरजेला एक फेरी मारा. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला आणि गाव कायमचं दवाखान्यांचं झालं. कर्नाटकापासून पेशंट येतात. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाच्या बापाला बाहेरच्या बाकावर विचारा, आयुर्विमा पाहिजे का म्हणून. त्याच्या हातात बिलाचा कागद असतो, आणि त्या कागदाला आयुर्विमा एक पैसा देत नाही. तिथं आरोग्य विमा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण ठरलेलं आहे, रेशन कार्ड धड असलं तर. बाळाचं नाव त्या कार्डावर चढवायला तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. पॉलिसीच्या फॉर्मवर तेच नाव घरबसल्या, चहा पिता पिता चढतं.

शाळेत घातलेल्या पोरासाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजनाही आहे, पहिली ते बारावी, अपघाती मृत्यूला दीड लाख, हप्ता शून्य. आपल्या पोराला असं काही लागू आहे हे किती पालकांना ठाऊक आहे? हप्ता नसलेली गोष्ट आपल्याकडं खरी वाटत नाही.

ज्यांची पॉलिसी या महिन्यात आली असेल त्यांना एक सांगतो. बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी कापाकापी होऊन पैसे माघारी येतात. बाँड देव्हाऱ्यामागं ठेवण्याआधी पाकीट फोडून वाचा. मेव्हणा महिनाभर बोलणार नाही, ते फायद्यात धरा.

ज्यांना हे सगळंच जड वाटतं त्यांच्यासाठी बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. १८ ते ५० वयाच्या कुणालाही, कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख, वर्षाला ४३६ रुपये. रिटर्न नको, तंबाखूची चौकशी नको. दोन लाखांत घर चालत नाही, पण दहाव्या-तेराव्याचं कर्ज तरी होत नाही. एकदा फॉर्म भरला की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे आपोआप कापले जातात आणि एक जूनपासून वर्षभर विमा चालू. तेवढ्या आठवड्यात खात्यात ४३६ रुपये असले की झालं. ते नेमके नसतात. २० तारखेला पोराचा हप्ता गेलेला असतो.